अकरावीतील मुलाला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारावे का?

प्रश्न: ऐरोलीतील एक आई

नमस्कार. माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत शिकतो आणि प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी ठाण्यातील एका क्लासला जातो. दिवाळीपासून त्याच्या वागण्यात मोठा फरक पडला आहे. रविवार उजाडला की मैदान गाठणारा मुलगा आता खोलीबाहेर येत नाही, रात्री जागा असतो, सकाळी उठवले की चिडतो आणि ताटात निम्मे अन्न टाकतो. क्लासच्या चाचण्यांतील गुण उतरल्यामुळे त्याला खालच्या बॅचमध्ये टाकले आहे. त्याचे वडील म्हणतात की हा वयाचा परिणाम आहे आणि मोबाइल काढून घेतला की सारे सुरळीत होईल.

मात्र गेल्या आठवड्यात तो धाकट्या बहिणीला म्हणाला, “मी नसतो तर तुम्हा सगळ्यांना सोपे गेले असते,” आणि हट्टाने घेतलेली आपली बॅट त्याने तिला देऊन टाकली. तिने घाबरून मला सांगितले. तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. सासूबाईंना वाटते की असा अशुभ विषय तोंडाने काढू नये, नसलेला विचार मुलाच्या मनात यायचा. मी त्याला थेट विचारावे का? डॉक्टरांकडे नेले तर ती नोंद पुढे त्याच्या आड येईल का? आणि औषधे सुरू झाली तर ती जन्मभर घ्यावी लागतात का?

उत्तर १: शालेय समुपदेशक, नेरूळ

ताई, विचारा, आणि आजच विचारा. विचारल्याने नसलेला विचार मनात येतो ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, परंतु या विषयावरील संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. उलट, जे ओझे मूल एकटे वाहत असते त्याबद्दल कोणी शांतपणे विचारले तर बहुतेकदा त्याला सुटल्यासारखे वाटते. आपण सांगितलेल्या दोन गोष्टी, म्हणजे आपण घरावर भार आहोत असे बोलणे आणि आवडती वस्तू देऊन टाकणे, या धोक्याच्या ज्ञात खुणा आहेत. म्हणून परीक्षा संपेपर्यंत थांबू असे कृपया म्हणू नका.

दोघेच असाल अशी वेळ निवडा, समोर बसण्यापेक्षा शेजारी बसा आणि आडवळणाने न बोलता विचारा: “तू बहिणीला जे म्हणालास ते मला कळले. तिला तुझी काळजी वाटली म्हणून तिने सांगितले. तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?” बहिणीने सांगितले हे लपवू नका, नाहीतर नंतर कळल्यावर दोघांमधला विश्वास तुटेल. तो “हो” म्हणाला तर रडणे, रागावणे, “तुला काय कमी केले आम्ही” असे म्हणणे आणि देवाची शपथ घालणे टाळा. हे विचार कधीपासून येतात, काही ठरवले आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, हे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. “कोणाला सांगणार नाही” असे वचन मात्र देऊ नका. “जे तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन,” एवढे म्हणा.

त्याने काही ठरवले आहे असे कळले तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रात्र झाली असेल तर वाशीच्या महापालिका रुग्णालयाचा किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. काही ठरवलेले नसले तरी घरातील सर्व औषधे, आजी-आजोबांच्या गोळ्यांसह, आजच कुलपात ठेवा. असा आवेग अनेकदा थोड्या वेळात ओसरतो, आणि त्या वेळात हाताशी काही नसणे हा प्राण वाचवण्याचा सिद्ध झालेला उपाय आहे.

उत्तर २: प्रवेश परीक्षेच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवणारा, घोडबंदर रस्ता

मोबाइलविषयी थोडे. रात्री झोपेच्या वेळी मोबाइल घरातील सर्वांनीच बाहेरच्या खोलीत ठेवावा, याच्याशी मी सहमत आहे. परंतु शिक्षा म्हणून तो हिसकावून घेतला तर या मनःस्थितीत मुलाचा मित्रांशी उरलेला एकमेव धागाही तुटतो.

मला अधिक काळजी वाटते ती बॅच बदलण्याची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षणसंस्थांनी, विशेषतः क्लासेसनी, गुणांवरून बॅचेस वेगळ्या करणे आणि मुलांना चारचौघांत लाजवणे शक्यतो टाळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असेही त्यात आहे. आपण हे क्लासच्या व्यवस्थापनाला लेखी विचारू शकता. गुण उतरले म्हणून मन खचले, की मन खचले म्हणून गुण उतरले, हे आम्हा शिक्षकांना अनेकदा उलटे दिसते.

उत्तर ३: मनोविकारतज्ज्ञ, ठाणे

मुलाला न पाहता निदान करणे योग्य नाही, म्हणून फक्त आपल्या शंकांपुरते लिहितो.

किशोरवयातील नैराश्य मोठ्या माणसांच्या नैराश्यासारखेच दिसेल असे नाही. मूल उदास दिसण्याऐवजी चिडचिडे दिसते, आणि इथेच “वयाचा परिणाम” म्हणून फसगत होते. वयाची चिडचिड येते आणि जाते. मित्र आले की मूल हसते, आवडीचे काही निघाले की उठून बसते. नैराश्यात मात्र दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, आवडत्या गोष्टींतूनही मन उठते. त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता आणि स्वतःविषयीचे मत बिघडते. याला आळस किंवा संस्कारांचा अभाव कारणीभूत नसतो. घराण्यातील आजाराचा इतिहास, मेंदूतील बदल, ताण, छळ, अपयश अशा अनेक गोष्टी एकत्र येतात, त्यामुळे “कशामुळे झाले” याचे एकच उत्तर शोधून घरातल्या कोणाला दोषी ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 10 ते 19 वयोगटातील दर सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. तुमचे मूल यात एकटे नाही.

सौम्य नैराश्यात संवादोपचार पुरेसे ठरू शकतात. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात औषधांची जोड द्यावी लागते. या औषधांचे व्यसन लागत नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यानंतर काही महिने ती चालू ठेवून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली जातात. एक गोष्ट आवर्जून सांगतो: तरुण वयात औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांची अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात लक्ष अधिक ठेवावे आणि बदल दिसताच कळवावे, परंतु औषध आपल्या मनाने बंद करू नये.

नोंदीची भीतीही समजून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. कॉलेजला किंवा क्लासला रुग्णालयाकडून परस्पर काही कळवले जात नाही.

आज रात्रीच कोणाशी बोलायचे असेल तर ‘टेलिमानस’ या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे, पालकांनीही तिथे फोन करावा. प्रत्यक्ष भेटीसाठी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. 1901 पासूनच्या या संस्थेचे नाव ऐकून लोक दचकतात, पण तिथे येणारे बहुसंख्य रुग्ण तपासून, औषध घेऊन घरी परततात. खासगी मनोविकारतज्ज्ञही ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत आहेत. मुलाला ज्यांच्याशी बोलणे जमेल ते निवडावेत.

ऐरोलीतील आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी त्याला विचारले. विचार येतात, पण काही ठरवलेले नाही, असे तो म्हणाला आणि मग बराच वेळ बोलत राहिला. औषधे कुलपात ठेवली आहेत. आम्ही दोघांनी मिळून 14416 वर फोन केला आणि परवाची डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. त्याचे वडीलही येणार आहेत. आता एकच शंका आहे. मुलीला किती सांगावे? ती शाळेतून आली की आधी त्याची खोली पाहते.

उत्तर: शालेय समुपदेशक, नेरूळ

आपण फार मोठे काम केलेत. मुलीला सांगा की दादाच्या मनाला आजार झाला आहे, त्यावर उपचार असतात आणि आपण डॉक्टरांकडे जात आहोत. तिने सांगितले ते योग्यच केले, हेही तिला ऐकू द्या. त्याच्यावर नजर ठेवणे हे तिचे काम नाही, ते मोठ्या माणसांचे आहे, एवढे मात्र ठामपणे सांगा, आणि संध्याकाळी ती येते त्या वेळी घरात कोणीतरी मोठे असेल अशी व्यवस्था या काही आठवड्यांसाठी करा. तिची झोप किंवा शाळा बिघडू लागली तर त्याच डॉक्टरांना तिच्याबद्दलही सांगा.