मदत हवी आहे : आईच्या आठवणी नीट जपायच्या आहेत

आई जाऊन आठ महिने झाले. तिच्या खात्यातली ती पहिली महिला अभियंता. कामाच्या जागी बायकांसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं, तेव्हा अर्जामागून अर्ज करून तिने ते बांधायला लावलं आणि मागून आलेल्या मुलींना हाताला धरून काम शिकवलं. घरी मात्र यातलं फारसं बोलायची नाही. त्यामुळे अभियंता म्हणून ती कशी होती, हे तिच्या सहकाऱ्यांनाच ठाऊक आहे. आणि ते आता ऐंशीच्या घरात आहेत.

त्यांच्याशी बोलून सगळं रेकॉर्ड करायचंय. कुणी असं केलंय का? "त्या कशा होत्या?" असं विचारलं की "फार छान होत्या" एवढंच उत्तर मिळतं. परवा एका काकांपुढे तिने काढलेला जुना नकाशा ठेवला, तर ते तासभर बोलत राहिले! असं आणखी काय करता येईल?

फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करतेय, मागे लिहिलेलं तिचं अक्षरही. चिकट पानांच्या अल्बममधले निघत नाहीत, ते पानासकट केले.

खरी काळजी कॅसेटची आहे. तिच्या आवाजाची एकच आहे आणि फीत आतल्या चाकापासून सुटली आहे. स्क्रू काढून उघडता येणाऱ्या दुसऱ्या कॅसेटमध्ये ती फीत बसवता येते म्हणतात. घरी करावं की जाणकाराकडेच द्यावी? मला हात लावायचा धीर होत नाहीये.