लष्कराने सोडलेल्या बराकी-बंकर देवाधर्माला द्यावेत का?

अंबरनाथकर : द्यावेत. जर्मनीत डसेलडॉर्फच्या हेर्ट भागात महायुद्धातला हवाई हल्ल्याचा बंकर आहे. नाझींच्या तुरुंगात जाऊन आलेले पाद्री कार्ल क्लिंकहामर यांनी १९४९ मध्ये त्याचं चर्च केलं. आता तिथं कॉप्टिक (मूळ इजिप्तमधल्या पंथाचे) ख्रिश्चन जमतात. लांब कशाला, आमच्या शेजारचं उल्हासनगर घ्या. युद्ध संपलं, कल्याणची लष्करी छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथंच उतरवलं. त्याच वस्तीत पुढं शाळा आल्या, टिकाणी (सिंधी समाजाची ग्रंथसाहिब असलेली प्रार्थनास्थळं) आली.

रावसाहेब_नाशिक : साफ असहमत. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी कुटुंबं राहत होती. आधी छप्पर, मग देव. तुम्ही उलटं सांगताय. देव बसला की जागा कायमची गेली, नोटीस घेऊन माणूस आला की आत नेमकी आरती सुरू! सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नका, असं सुप्रीम कोर्टाला २००९ मध्ये बजावावं लागलं ते काय उगाच?

अंबरनाथकर : तो आदेश अनधिकृत बांधकामाबद्दल होता. मी रीतसर भाडेकराराबद्दल बोलतोय. टिकाण्यात ग्रंथसाहिबापुढं डोकं टेकवून उठलात की पंगतीत बसा, कुणी जात विचारत नाही. सरकारी निवाऱ्यात आधी आधार कार्ड मागतात.

शुभदा_का : लंगरपुरतं मान्य. पण बराक एक आणि अर्ज पाच आले तर? कुणाच्या देवाला द्यायची? त्यापेक्षा जागा पालिकेच्या नावावर ठेवा, आत पाळणाघर किंवा डायलिसिस चालवा. कोपऱ्यात ज्याला हवी त्यानं प्रार्थना करावी, मूर्ती मात्र बसवायची नाही.

रावसाहेब_नाशिक : कोपऱ्यात म्हणे! उद्घाटनाला नारळ फुटतो, तीन महिन्यांत कोपऱ्याला कळस चढतो आणि डायलिसिसची मशिनं व्हरांड्यात.

अंबरनाथकर : 😀 कळसाचं खरंय. तरी रिकाम्या बराकीत पिंपळ उगवतो, रात्री बाटल्या जमतात. त्यापेक्षा पाळणाघराशेजारचा कळस मला चालेल.

खडकीवाला : मंडळी, वाटणी करताय ती जमीन आहे कुणाची? छावणी हद्दीतली बराक रिकामी दिसली तरी मालक बहुतेक वेळा संरक्षण खातं. पालिका असो की ट्रस्ट, फाईल दिल्लीला जाते. तोवर पत्रेसुद्धा चोरीला गेलेले असतात.