मदत हवी आहे: फोनवरच्या आवाजातला तोतया पकडायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेसाठी आम्ही तिघं मिळून फोनवर आवाजावरून सभासद ओळखायची सोय करतोय. शेतात राबून अनेकांचे अंगठे झिजलेत, यंत्र ठसा घेत नाही. त्यांचं काम अडू नये म्हणून हा खटाटोप.

ओळखीसाठी ईकापा-टीडीएनएन हे तयार मॉडेल घेतलंय. ते वॉक्ससेलेब या आवाजांच्या १६ किलोहर्ट्झच्या संचावर शिकलेलं, आमचे कॉल ८ किलोहर्ट्झचे, म्हणजे कमी तपशिलाचे. तरी परका माणूस बहुतेक वेळा पकडला जातो. सख्ख्या बहिणी कधी कधी निसटतात. थ्रेशोल्ड (आवाज किती जुळला तर आत घ्यायचं ती मर्यादा) वाढवला तर त्या अडतात, पण मग सर्दी झालेल्या आजीही बाहेर राहतात.

खरा घोर वेगळाच आहे. आईचा आवाज एका मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या फोनपाशी वाजवला. सिस्टीमने ती आईच समजून आत घेतलं, जुळणीचा स्कोअरही जवळपास तेवढाच! लोकांच्या घामाचे पैसे आहेत हो हे.

मग एएसव्हीस्पूफ २०१९ या खऱ्या-खोट्या आवाजांच्या संचाच्या एलए विभागावर एलएफसीसी-जीएमएम हे खोटा आवाज ओळखणारं मॉडेल शिकवलं. त्यांच्या चाचणीत बरं चालतं, आमच्या कॉलवर खरंखोटं काहीच वेगळं निघत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
एलएमध्ये रेकॉर्डिंग वाजवून केलेली फसवणूक नाहीच. तिथे यंत्राने बनवलेले आणि बदललेले आवाज आहेत. वाजवलेलं त्याच संचाच्या 'पीए' विभागात आहे, पण तेही संगणकावर खोलीची नक्कल करून. खऱ्या उपकरणांवर वाजवून टिपलेलं हवं तर एएसव्हीस्पूफचाच २०१७ चा संच घ्या. शिवाय साध्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच उरतात, म्हणजे बनावटपणाच्या वरच्या पट्ट्यातल्या खुणा वाटेतच गळतात. तुमच्या सभासदांकडचे साधे फोन घेऊन, परवानगीने, खरे आणि वाजवलेले कॉल स्वतः गोळा करा. त्याला पर्याय नाही.

तोवर दर कॉलला नवे चार अंक म्हणायला लावा, आणि तेच अंक म्हटले का हेही तपासा. जुनं रेकॉर्डिंग तिथे अडेल. क्लोन केलेला (यंत्राने हुबेहूब नक्कल केलेला) आवाज मात्र अडणार नाही, म्हणून मोठ्या रकमेला नुसत्या आवाजावर विसंबू नका.

धागाकर्ता
मनापासून आभार! अंक सुटे विचारू की 'एकोणऐंशी' असे जोडून?

प्रतिसाद २
सुटेच. एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणताना भलेभले अडखळतात.