ओजिब्वे लोकांच्या भूर्जसालीच्या टोपल्या बाहेरच्यांनी शिकाव्यात का?

तलावकाठी:
मी अमेरिकेतल्या मिनेसोटात राहते. ओजिब्वे हे इथले मूळचे आदिवासी लोक. गेल्या जूनमध्ये इथल्या एका ओजिब्वे आजींकडे दोन दिवस माकक करायला शिकले. माकक म्हणजे भूर्जाच्या सालीचा डबा, पूर्वी त्यात मेपलची साखर नि मानोमिन, म्हणजे इथला जंगली तांदूळ, ठेवायचे. साल भिजवून कोपरे दुमडायचे, आरीने भोकं पाडायची आणि बासवुड झाडाच्या अंतरसालीने नाहीतर स्प्रूस झाडाच्या मुळांनी शिवायचं. सालीची पांढरी बाजू आत जाते हे मला तोवर माहीतच नव्हतं! माझं म्हणणं, शिकवणारे राजी असतील तर बाहेरच्यांनी जरूर शिकावं.

रानवाटा:
मला नाही पटत. १८७९ मध्ये अमेरिकेत आदिवासी मुलांसाठी कार्लाइलची बोर्डिंग शाळा निघाली, मग तशा कितीतरी निघाल्या आणि मुलांना घरापासून तोडून भाषा, केस, कपडे सगळं बदलायला लावलं, म्हणजे आजीच्या हाताखाली बसून शिकायची वयं तिथेच गेली. आता शिकवणारे हात थोडे उरलेत, त्यांच्यासमोरची जागा आधी त्यांच्या नातवंडांची. आपण पैसे भरून ती अडवायची का?

तलावकाठी:
आमच्या सात जणांत चौघी ओजिब्वेच होत्या, त्यातली एक आजींची नात. आणि आमच्या फीमधून आजींचं घर चालतं हो.

पोथीवाला:
मी तलावकाठी ताईंच्या बाजूने. आपण भूर्जपत्रावर पोथ्या लिहिल्या तशा त्यांच्याही सालीवर कोरलेल्या गुंडाळ्या आहेत, मिदेविविन या त्यांच्या धर्मपरंपरेच्या, आणि त्या ते बाहेरच्यांना सहसा दाखवत नाहीत. म्हणजे काय उघडं ठेवायचं नि काय झाकायचं हे त्यांना पक्कं कळतं. टोपली शिकवतात तर तो त्यांचा निर्णय आहे, त्यांच्या वतीने आपण कशाला नाही म्हणायचं?

रानवाटा:
एका आजींनी हो म्हटलं म्हणजे सगळ्या समाजाने म्हटलं असं होतं का? उद्या शिकलेला माणूस टोपल्या विकायला बसला तर? अमेरिकेचा १९९० चा कायदा 'आदिवासींनी बनवलेली' असं खोटं सांगून विकू देत नाही, पण ते शब्द न लावता विकली तर कोण अडवणार? किंमत त्यांच्याच मालाची पडणार.

सालपापुद्रा:
तुम्ही सगळे माणसांचं बोलताय, झाडाचं कुणी बोलेना. साल सहज सुटते ती जून ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत, तेवढेच काही आठवडे. सुरी खोल जाऊन आतली साल कापली गेली तर झाड मरू शकतं, आणि नीट काढली तरी त्या जागी काळी खरबरीत साल येते, तशी पांढरी परत नाही. त्यात उष्णतेने, दुष्काळाने थकलेल्या भूर्जांना खोडकिडा लागतोय. १८३७ च्या तहाने ओजिब्वेंनी दिलेल्या जमिनीवर शिकारीचा, मासेमारीचा, रानातलं गोळा करायचा हक्क राखला, १९९९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने तो मान्य केला, एवढं लढून मिळवलेली साल आपल्या हौसेला द्यायची? मी म्हणते शिका, पण साल त्यांच्याकडूनच घ्या, झाडाला हात लावू नका.

तलावकाठी:
हे मात्र शंभर टक्के. आजींनी पहिला दिवसभर साल हातात दिलीच नाही, पुठ्ठ्यावर घड्या घालायला लावल्या. दुसऱ्या दिवशी झाडापाशी नेलं, बुंध्याशी असेमा म्हणजे तंबाखू ठेवली, आणि साल नातीनेच काढली. माझा माकक विकणार नाहीये रानवाटा, त्यात त्यांच्याकडूनच घेतलेलं मानोमिन भरून ठेवलंय.

रानवाटा:
नातीने काढली हे वाचून बरं वाटलं. तरी बाकीच्या तीन जागा अजून तीन ओजिब्वे मुलींना मिळायला हव्या होत्या, हे मी म्हणतच राहणार.