मेगाब्लॉकच्या पाच तासांत खरं काम किती तास होतं?

ऐरोली_सेक्टर: रविवारी ठाणे–वाशी–नेरूळ मार्गावर ब्लॉक असला की सकाळी अकराच्या आसपास गाड्या बंद होतात, त्या थेट दुपारी चारच्या सुमारास सुरू होतात. मेन लाईनला ब्लॉक असला तर निदान धिम्या लोकल जलद मार्गावरून सोडतात. ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या माणसाने मात्र बस किंवा रिक्षा शोधायची. हे काम रात्री का होत नाही? पाच तासांत नेमकं काय उरकतं? आणि मार्ग 2004 साली सुरू झालेला, म्हणजे मेन लाईनच्या मानाने नवाच, तरी इतकी डागडुजी का लागते? रुळाचं, तारेचं, सिग्नलचं काम जाणणाऱ्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पीवे_कळवा: रात्री काम होतं, रोज होतं. पण शेवटची लोकल जागेवर लागल्यापासून पहिली सुटेपर्यंत जेमतेम तीन तास मिळतात. रूळ स्लीपरला धरणाऱ्या क्लिपा बदलणं, एखादा सांधा आवळणं, पाहणी, अशी आटोपशीर कामं त्यात बसतात. रविवारी घेतात ती कामं अर्धवट सोडून गाडी जाऊ देता येत नाही अशी असतात.

पाच तासांतलेही पाच मिळत नाहीत. शेवटची गाडी सेक्शनबाहेर गेली की आधी ट्रॅफिक ब्लॉक (गाड्या बंद), मग पॉवर ब्लॉक (तारेची वीज बंद), मग तारेला अर्थिंग (तार जमिनीला जोडणं), आणि त्यानंतर मशीन सायडिंगमधून, म्हणजे बाजूच्या मार्गिकेवरून, जागेवर येतं. काम संपल्यावर हेच सगळं उलट क्रमाने. दोन्ही टोकांना अर्धा-पाऊण तास जातो. हातात साडेतीन तास उरले तर ब्लॉक चांगला गेला म्हणायचं.

एक साधं काम घ्या. अल्ट्रासॉनिक तपासणीत रुळाच्या पोटात तडा सापडला. ताबडतोब बदलायच्या वर्गातला असेल तर तो तीन दिवसांत काढावाच लागतो आणि जॉगल्ड फिशप्लेट (रुळाला दोन्ही बाजूंनी आवळायची फुगीर पोलादी पट्टी) बसेपर्यंत तिथून ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने गाड्या चालवतात. तडा बोटभर असला तरी नवा तुकडा किमान 4 मीटरचा लागतो, कारण वेल्डपासून 4 मीटरच्या आत दुसरा वेल्ड चालत नाही. म्हणजे एका दोषाला दोन वेल्ड. प्रत्येक ठिकाणी 25 मिलिमीटरची फट ठेवायची, साचा बसवायचा, रुळाची टोकं सुमारे 600 अंशांपर्यंत तापवायची, मग थर्मिट, म्हणजे वितळलेलं पोलाद, ओतायचं. ओतल्यापासून निदान अर्धा तास वरून गाडी जाता कामा नये. त्यानंतर घासून माथा सारखा करायचा आणि तपासणी होईपर्यंत वेल्डला जॉगल्ड फिशप्लेटचा आधार द्यायचा. एका टोळीचे दोन-अडीच तास यातच जातात. घाई केली तर वेल्ड आतून पोकळ राहतो आणि थंडीत पहाटे रूळ आकसला की तिथेच तुटतो.

खडीचं काम याहून किचकट. काँक्रीट स्लीपरखाली 300 मिलिमीटरच्या आसपास स्वच्छ खडी हवी. पावसाने माती आणि लोकांनी टाकलेला कचरा त्यात मुरला की पाणी झिरपत नाही, चिखल वर येतो आणि रूळ बसतो. टॅम्पिंग मशीन रूळ उचलून, सरळ करून स्लीपरखालची खडी दाबतं. पण खडीच मळकी किंवा कमी असेल तर ते टॅम्पिंग थोड्या दिवसांत उतरतं. मग मशीनने खडी काढून, चाळून परत घालावी लागते. चाळणीनंतर पहिल्या गाड्या 20 च्या वेगाने सोडतात आणि एकेक टॅम्पिंग होईल तसा वेग पायरीपायरीने वाढवतात. ब्लॉक झाल्यावरही सोमवारी, मंगळवारी एखाद्या ठिकाणी गाडी रखडत जाते ती यामुळेच.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. जोडलेला लांब रूळ मोकळा असता तर 30 अंशांच्या वाढीला किलोमीटरमागे सुमारे 345 मिलिमीटर लांबला असता. स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात. म्हणून रुळाचं तापमान ठरवून दिलेल्या तापमानापेक्षा 10 अंशांहून जास्त वर गेलं की खडी हलवायची नाही असा नियम आहे. हलवली तर रूळ बाजूला फेकला जातो. एप्रिल-मेच्या भर दुपारी ब्लॉक हातात असूनही टॅम्पिंग करता येत नाही, हे बाहेरून कुणाच्या लक्षात येत नाही.

आता नवेपणाचं. रुळाचं वय आम्ही वर्षांत मोजतच नाही, वरून गेलेल्या टनांत मोजतो. मीटरमागे 60 किलोच्या नेहमीच्या रुळाचं आयुष्य 800 दशलक्ष टन धरतात. वळणावर आणि स्टेशनजवळ, जिथे प्रत्येक गाडी ब्रेक लावते आणि पुन्हा वेग घेते, तिथे तो त्याआधीच झिजतो.

टॉवर_वॅगन: पॉवर ब्लॉकबद्दल थोडं. वीज बंद झाली म्हणजे तार निर्धोक झाली असं नाही. शेजारच्या मार्गावर 25,000 व्होल्ट चालू असतील तर बंद तारेतही प्रवर्तनाने जीवघेणा दाब तयार होतो. त्यामुळे लेखी परवाना हाती आल्यावर कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडणारे डिस्चार्ज रॉड लावूनच माणूस वर चढतो. हा वेळ कापायचा विचार कुणी करू नये.

वर गेल्यावर मुख्य काम झीज मोजायचं. नवी संपर्क तार 12.24 मिलिमीटर व्यासाची असते, घासून 8.25 वर आली की बदलायची. गाडीच्या टपावरचा वीज घेणारा पेंटोग्राफ एकाच जागी घासू नये म्हणून सरळ मार्गावर तार मध्यापासून 200 मिलिमीटरपर्यंत आलटून-पालटून डाव्या-उजव्या बाजूला ठेवतात. खांब जरा कलला किंवा रूळ उचलला गेला की हे गणित बिघडतं आणि पेंटोग्राफ तारेत अडकतो. पीवेने (रूळ विभागाने) टॅम्पिंग केलं की तारेची उंची आणि डावी-उजवी सरक पुन्हा तपासावीच लागते. त्यासाठी आमचा टॉवर वॅगन (तारेपर्यंत पोचायची मचाण असलेली गाडी) त्याच ब्लॉकमध्ये मागोमाग हवा.

तुमच्या मार्गाला एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांचा पट्टा. इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ साचते आणि पहिल्या बारीक पावसात त्यावरून ठिणगी उडते. जोरदार सर आली तर उलट ते धुऊन निघतात. म्हणून मेमधली पुसणी चुकवता येत नाही.

जुना_डीसी: थोडा इतिहास जोडतो, कारण नवी यंत्रणा आली तरी देखभाल का लागते हाही प्रश्न आहे. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी (आताचं सीएसएमटी)–कुर्ला हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी धावली ती 1,500 व्होल्ट डीसीवर. डीसीत दाब कमी म्हणून प्रवाह प्रचंड, तारा जाड आणि सबस्टेशनं दर काही किलोमीटरवर. 25,000 व्होल्ट एसीवर तेवढ्याच शक्तीला साधारण सतराव्या हिश्शाचा प्रवाह पुरतो. मध्य रेल्वेची मेन लाईन 2015 मध्ये आणि हार्बर एप्रिल 2016 मध्ये पूर्ण एसीवर बदलली. हे सगळं गाड्या चालू ठेवून, ब्लॉकांमध्येच झालं. जुन्या पुलांखाली तारेला जास्त मोकळी जागा लागली, म्हणून काही ठिकाणी रूळ खाली घ्यावे लागले. बदलाचा फायदा मोठा आहे, पण एसी आल्याने रुळाची देखभाल कमी झाली नाही. गाड्यांची संख्या आणि वेग वाढला की ती वाढतेच.

सिग्नल_खांब: आमच्याकडची दोन कामं ब्लॉकशिवाय होत नाहीत. एक पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा. तिथली सरकणारी पात आणि मुख्य रूळ यांच्यात 5 मिलिमीटरची पट्टी ठेवून पॉइंट फिरवायचा, तो लॉक होता कामा नये. झाला तर तो धोकादायक, लगेच जुळवायचा. दुसरं ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांतून प्रवाह सोडून गाडी आहे का ते ओळखणारी यंत्रणा. खडी मळली, पाणी साचलं की दोन रुळांमधून प्रवाह गळतो आणि गाडी नसतानाही रूळ व्यापलेला दिसतो. सिग्नल लाल होतो. पावसात ‘सिग्नल बिघाड’ म्हणून जे ऐकता त्यात हेच बऱ्याचदा असतं. यंत्रणा मुद्दामच शंकेच्या वेळी लाल देईल अशी बांधली आहे. त्याऐवजी वापरतात तो अॅक्सल काउंटर चाकं मोजतो, त्याला खडीतल्या ओलीचा त्रास नाही.

ऐरोली_सेक्टर: सगळ्यांचे आभार. मग मेन लाईनसारखं गाड्या दुसरीकडे वळवणं आमच्याकडे कधीच शक्य नाही का? निदान एका रुळावरून दोन्ही दिशांना?

पीवे_कळवा: वळवायला रूळ हवेत. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली, त्याआधी सलग 72 तासांचा ब्लॉक घेतला होता. तेव्हापासून जलद लोकल मुंब्र्याकडून जातात आणि 1916 चा पारसिक बोगदा मेल-एक्स्प्रेसना मोकळा झाला. कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सहा रूळ आहेत, म्हणून तिथे दोन बंद ठेवूनही गाड्या चालतात. फक्त जलद मार्गाला फलाट नसेल तिथल्या माणसाची गैरसोय होते. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला धिमी थांबत नाही ती त्यामुळे. तुमच्याकडे दोनच रूळ.

सिग्नल_खांब: एका रुळावर दोन्ही दिशा चालवायच्या तर स्वयंचलित सिग्नल दोन्हीकडून हवेत आणि मध्येमध्ये एका रुळावरून शेजारच्या रुळावर जायचे क्रॉसओव्हर हवेत. आपले सिग्नल एका दिशेचे. हाताने चालवलं तर एक गाडी पलीकडे पोचेपर्यंत दुसरी सोडता येत नाही, तासाला दोन-तीन गाड्या निघतील. शिवाय दुसऱ्या रुळावर माणसं आणि मशीन काम करत असताना शेजारून गाड्या, हा धोका वेगळाच. माझ्या मते उपाय एकच: पीवे, तार आणि सिग्नल या तिघांनी एकाच ब्लॉकमध्ये, एकाच पट्ट्यात काम करायचं. तिघांनी तीन रविवार मागितले तर प्रवासी तीनदा अडकतो.

टॉवर_वॅगन: तोवर घोषणा नीट वाचा. ब्लॉक पनवेल–वाशी असेल तर ठाणे–पनवेल बंद, पण ठाणे–वाशी आणि ठाणे–नेरूळ बहुधा चालू असतात, कारण तुर्भ्यानंतर फाटा फुटतो. ब्लॉक ठाणे–वाशी/नेरूळ असेल तरच ऐरोली, घणसोली पूर्ण बंद. हार्बरच्या ब्लॉकला तिथल्या प्रवाशांना त्याच तिकिटावर ठाणेमार्गे जायची मुभा देतात, ती वेळ घोषणेच्या शेवटच्या ओळीत असते. दिवा-डोंबिवलीकडून वाशीला जाणाऱ्यांनी ठाण्यात उतरण्याआधी तेवढं पाहून घ्यावं.