मदत हवी आहे: न आटणाऱ्या सुरईपुढे माझी नहर कशी टिकवू?

नमस्कार. गेले अकरा महिने मी चौघांसाठी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती चालवतेय, २०१४ च्या नियमांनी. (हा टेबलाभोवती बसून बोलत खेळायचा खेळ: जग आणि गोष्ट मी रचते, बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात.) दर रविवारी संध्याकाळी, मराठीतून, आमच्या जेवणाच्या टेबलावर. गेल्या रविवारी खेळ अडला. पुढचं सेशन परवा आहे, तेव्हा जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

माझं जग कोरड्या पठारावरचं आहे आणि तिथलं शहर एका भुयारी नहरीवर जगतं. कल्पना माझ्या आजोळची, औरंगाबादची. मलिक अंबरने १७व्या शतकात नहर-ए-अंबरी बांधली. पाणी जमिनीखालून, उताराच्या जोरावर शहरात यायचं. लहानपणी पाणचक्कीपाशी उभी असताना मामा म्हणाला होता, "इथे कुठेही मोटर नाही बरं का." ते डोक्यातून कधी गेलंच नाही.

खेळातल्या नहरीला राखणदार घराणी आहेत. भुयारात उतरून गाळ काढायचा, तडे चुन्याने बुजवायचे, हौदातल्या पातळीवरून गळती कुठे आहे ते ओळखायचं, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. एका मैत्रिणीचं पात्र अशाच घरातली मुलगी आहे. नहर अचानक कोरडी पडते आणि कारण शोधायला सगळे आत उतरतात, अशी तीन सेशन्स मी लिहून ठेवली होती.

आर्टिफिसर, म्हणजे जादुई वस्तू घडवणारा कारागीर, खेळणाऱ्या मावसभावाने कॅरेक्टर शीटवरची एक ओळ वाचून दाखवली. डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर, म्हणजे न आटणारी सुरई. तिसऱ्या महिन्यात खजिन्यात मीच ठेवली होती. मग फोनवर हिशोब झाला: सुरईला हुकमाचा शब्द 'गीझर' म्हटला की सहा सेकंदांत, म्हणजे खेळातल्या एका टर्नमध्ये, ३० गॅलन, म्हणजे ११३ लिटर. मिनिटाला अकराशेच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर नऊ मिनिटांत भरतो! टेबलावर टाळ्या पडल्या. मैत्रीण मात्र गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मग माझ्या आजोबांनी आयुष्यभर काय केलं?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तेच मनात घोळतंय. सुरई काढून घ्यायची नाही. मावसभावाने ती प्रामाणिकपणे मिळवली आहे आणि त्याची युक्ती खरंच चांगली आहे. पण एका वस्तूने अख्ख्या शहराचं कसब फुकट जाऊ नये.

दुसरीकडे लोकांनी काय केलंय ते पाहिलं. २००१ च्या 'आर्केनम' या कॉम्प्युटर गेममध्ये जादू आणि यंत्रं एकमेकांना मारक आहेत, जादूकडे फार कल असलेल्या पात्राला रेल्वेत घेत नाहीत. १९८९ च्या 'शॅडोरन' या टेबलावरच्या खेळात शरीरात यंत्र बसवलं की इसेन्स, म्हणजे पात्राची जीवनशक्ती, घटतो आणि त्याबरोबर जादूची ताकदही. दोन्ही मला आवडतात, पण अकरा महिन्यांनी जगाचा असा मूळ नियम बदलणं खेळाडूंवर अन्याय होईल. तर नियम न मोडता सुरई आणि नहरीचं कसब शेजारी नांदतील असं काय करता येईल?

प्रतिसाद १

ताई, सुरईचं वर्णन पुन्हा एकदा नीट वाचा. पाणी तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला थांबतं. म्हणजे दर सहा सेकंदांनी कोणीतरी ॲक्शन, म्हणजे त्या टर्नमधली आपली मुख्य कृती, खर्च करून तो शब्द परत म्हणायचा. तासाला सहाशे वेळा. ६८ हजार लिटर मिळतील, पण एका माणसाचा घसा किती तास टिकेल? पाळ्या लावाव्या लागतील.

आणि पाणी पडणार कुठे? सुरईच्या तोंडाशी. ते साठवायचं, गाळायचं, घरोघरी पोचवायचं काम कोण करणार? गीझरचा झोत एक फूट रुंद आणि तीस फूट लांब असतो. तो थेट खापरी नळात सोडला तर नळ फुटेल. आधी हौद हवा, त्यातून बेताचा उतार हवा. हे त्या मुलीच्या आजोबांखेरीज शहरात कोणाला कळतं? जादूने झरा दिला, नहर अजून लागतेच.

प्रतिसाद २

वरच्या मुद्द्याला दुजोरा. आणखी एक बघा. ही सुरई वापरायला अट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी आधी जादुई नातं जुळवणं, लागत नाही, जादूगार असण्याचीही गरज नाही. शब्द माहीत असलेला कोणीही ती चालवू शकतो. माझ्या मते मग ती यंत्रच झाली, आणि यंत्र म्हटलं की मालक कोण हा प्रश्न आला.

२००४ साली आलेलं, कीथ बेकर यांचं 'एबेरॉन' हे याच खेळासाठी रचलेलं जग यासाठी जरूर वाचा. तिथे रेल्वे आहे, हवेतली जहाजं आहेत, पण ती चालतात बांधून ठेवलेल्या एलिमेंटलवर, म्हणजे वारा, अग्नी अशा तत्त्वांच्या जिवांवर. रेल्वे ओरियन घराण्याची, जहाजं लिरँडर घराण्याची. जादू आणि तंत्रज्ञान तिथे भांडत नाहीत, भांडतात ती घराणी. तुमच्या शहरात सुरई आली की पहिल्याच रात्री कोणीतरी तो शब्द विकत घ्यायला येईल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री पुन्हा लिहायला बसले. परवाची सुरुवात अशी: सुरई हौदावर ठेवली आहे, चार माणसं पाळीने शब्द म्हणताहेत आणि तिसऱ्या पाळीला खालच्या पेठेत पाणी पोचतच नाही. गळती आहे. कुठे, ते पातळी बघून एकच पात्र सांगू शकतं. त्या तीन सेशन्समधली दोन तशीच वापरता येतील.

वर्णन वाचताना आणखी एक सापडलं: सुरईतून गोडं पाणी काढायचं की खारं, हे दर वेळी म्हणणाऱ्याने ठरवायचं असतं. पहाटेच्या पाळीतल्या एखाद्याने मुद्दाम खारं पाणी सोडलं तर नहरीखालच्या बागा जातील. तो माणूस कोणी फितवला, हे शोधणं मावसभावाच्या वाट्याला देतेय.

आता एवढंच सुचवा: 'गीझर'ऐवजी मराठी शब्द हवा आहे. तासाला सहाशे वेळा म्हणता येईल इतका छोटा, आणि गावात कोणी बोलण्याच्या ओघात सहज म्हणणार नाही असा. 'उसळ' मनात आला होता, पण तो जेवणाच्या टेबलावर चालायचा नाही.