मदत हवी आहे : ‘चॅलेंजर्स’मधला शेवटचा गुण नियमाने कोणाचा?

लुका ग्वाडाग्निनो यांच्या ‘चॅलेंजर्स’ (2024) या चित्रपटाच्या शेवटाबद्दल टेनिसच्या जाणकारांची मदत हवी आहे. शेवट सांगितल्याशिवाय शंका मांडता येत नाही, त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावे.

न्यू रोशेल येथील चॅलेंजर (व्यावसायिक टेनिसच्या दुसऱ्या फळीतील) स्पर्धेच्या अंतिम लढतीत एकेकाळचे जिवलग मित्र आर्ट आणि पॅट्रिक समोरासमोर आहेत, आणि दोघांचाही जीव जिच्यावर जडला ती टाशी, म्हणजे आर्टची पत्नी व प्रशिक्षक, प्रेक्षकांत बसली आहे. सर्व्हिसपूर्वी चेंडू रॅकेटच्या गळ्याशी टेकवून पॅट्रिक जी खूण करतो, तिचा अर्थ (टाशीशी आपला संबंध आला आहे) आर्टला नेमका कळतो. पुढे टायब्रेकमध्ये (सेट बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेममध्ये) दोघे नेटच्या अगदी जवळ येऊन खेळू लागतात, आर्ट उंच झेपावून स्मॅश (डोक्यावरून जोरदार फटका) मारतो आणि नेटवरून थेट पॅट्रिकच्या अंगावर कोसळतो. गुण कोणाला मिळाला, हे न सांगताच चित्रपट संपतो.

प्रेमकथा म्हणून हा शेवट मला पूर्ण पटतो. आमच्या चित्रपटप्रेमी गटात मात्र नियमावरून दोन तट पडले आहेत. चेंडू खेळात असताना खेळाडूचा किंवा त्याच्या रॅकेटचा नेटला अथवा प्रतिस्पर्ध्याच्या कोर्टाला स्पर्श झाला तर तो गुण गमावतो, एवढे सर्वांना मान्य आहे. माझे म्हणणे असे की, स्मॅश कोर्टात पडून दुसरा टप्पा पडला असेल, किंवा एका टप्प्यानंतर तो मागच्या कुंपणावर आदळला असेल, तर गुण तिथेच संपतो आणि त्यानंतर आर्ट नेटवर पडला काय किंवा मित्राच्या गळ्यात पडला काय, गुण त्याचाच राहतो. इतक्या जवळून मारलेला स्मॅश आर्ट खाली येईपर्यंत कुंपण गाठेल का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. दुसरा तट म्हणतो की आर्टचा हात नेटला आधी लागला असणार.

बालेवाडीतील किंवा अन्य स्पर्धांत पंच म्हणून काम केलेले कोणी येथे असल्यास कृपया सांगावे : नेटचा स्पर्श आधी की दुसरा टप्पा आधी, हे मुख्य पंच प्रत्यक्षात कसे ठरवतात? दोन्ही एकाच क्षणी घडल्यासारखे वाटले, तर गुण पुन्हा खेळवता येतो का?